बाईंच्या सहलीत फोन नसायचा

बाई चुकल्या नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना माझ्याकडून कुणी ‘दोन्ही बाजू’ ऐकायची आशा धरायला नको. दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत. एका बाजूला तर मी स्वतःच उभी होते, आणि चुकीची बाजू तीच होती.

नागपुरातल्या एका शाळेत मी काही वर्षं विज्ञान शिकवलं, कंत्राटी म्हणून. बाई तिथे भूगोल शिकवायच्या आणि शाळेची वार्षिक सहल न्यायच्या. भूगोल ही त्यांची नोकरी होती, सहल ही हौस. सहलीच्या दिवशी कडक इस्त्रीची सुती साडी, साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज, गळ्यात शिट्टी आणि खांद्याला कापडी पिशवी असा त्यांचा वेश असायचा. पिशवीत संत्र्याची सालं असायची. ज्या पोराला बस लागायची त्याच्या नाकाशी साल धरून त्या म्हणायच्या, “वास घे आन् बाहेरची झाडं मोज. उलटी आलीच तं मले नको सांगू, खिडकीले सांग.” पोरं हसायची आणि निम्म्यांची मळमळ तिथेच थांबायची.

आता कुणाला वाटेल, बाईंना मोबाईलचं वावडं असणार. छे! स्टाफरूममध्ये सगळ्यात नवा फोन त्यांचा. भाजीवालीला फोनवरून पैसे देणाऱ्या आमच्यातल्या पहिल्या त्याच. मधल्या सुट्टीत त्या भिवापूरच्या आपल्या भावजयीशी फोनवर लुडो खेळायच्या आणि सोंगटी मारली गेली की “मेली वं माही!” असं इतक्या जोरात ओरडायच्या, की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, घरचं कुणी गेलं. मी पाण्याचा ग्लास घेऊन धावले होते. त्यांनी पाणी प्यायलं आणि पुन्हा फासा टाकला.

पण सहलीला पोरांजवळ फोन चालायचा नाही. कारण विचारलं तर म्हणायच्या, “फोनशी माह्यं भांडण नाई. फोनच्या त्या टोकाले जे बसून राह्यते ना, त्याच्याशी हाये.”

हे भांडण कसं सुरू झालं ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना पाठ होतं. एके वर्षी पालकांच्या आग्रहाखातर मुख्याध्यापकांनी फोनला परवानगी दिली आणि सहल खिंडसीच्या तलावावर गेली. बस नागपूरबाहेर पडते न पडते तोच वाजावाजी सुरू. कुणाची आई विचारतेय स्वेटर घातलं का, कुणाची सांगतेय पोळी आधी खा, भात मागून. तलावावर एक मुलगा नावेच्या धक्क्यावरच्या कठड्यावर चढला. बाईंनी त्याला कान धरून खाली उतरवलं आणि रागवायला सुरुवात केली. मुलाने पाठ फिरवून आईला फोन लावला. आईने मुख्याध्यापकांना लावला. मुख्याध्यापकांनी बाईंना लावला. बाईंचं रागावणं अजून चालूच होतं.

“सर, थांबा,” बाई फोनवर म्हणाल्या. “माह्यं अजून अर्धं बाकी हाये. पूर्ण रागावून होऊ द्या, मंग पूर्ण तक्रार घ्या.” फोन पिशवीत टाकून त्यांनी उरलेलं अर्धं रागावणं व्यवस्थित पुरं केलं.

त्या दिवशी बाईंच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. दोन पोरींचं जागेवरून भांडण झालं, तेव्हा त्या एकमेकींशी भांडल्याच नाहीत. दोघींनी आपापल्या घरी फोन केला आणि तिकडे दोघींच्या आया भांडल्या. बाई म्हणायच्या, “पोट्ट्यायले भांडताबी येऊन नाई राहिलं. उद्या दोस्ती कशी करतीन?”

पुढच्या वर्षीपासून फोन बंद झाला आणि त्याच्या जागी बाईंची परीक्षा आली. सहलीच्या आधी पंधरा दिवस त्या व्हरांड्यात कुणालाही अचानक अडवायच्या. “आईचा नंबर?” पोराने दहाच्या दहा आकडे न अडखळता सांगायचे. बापाचाही सांगायचा. ज्याला येत नसेल त्याची सीट पक्की होत नसे. हा झाला लेखी म्हणा की तोंडी भाग. प्रात्यक्षिक सहलीत असायचं. प्रत्येक पोराने एकदा तरी अनोळखी माणसाकडे जाऊन फोन मागायचा आणि घरी लावायचा. बाई दहा पावलांवर उभ्या असायच्या, पण मदत करायच्या नाहीत. वाक्यं त्यांनीच ठरवून दिलेली: “काकू, मी सहलीले आली. घरी एक फोन करू द्याल काय? नंबर मी सांगते, लावा तुम्ही.” समोरच्याने नंबर लावायचा, म्हणजे पोर आपला फोन घेऊन पळेल अशी त्यालाही भीती नको. कुणाकडे मागायचा, याचाही नियम होता. “आधी दुकानवाल्याले माग. ज्याचं दुकान हाये तो पळून जात नाई.”

मग दुपारी घरोघरी अनोळखी नंबरवरून फोन यायचे. “आई, मी आहे. मी बरी आहे. हा पेरूवाल्या काकूंचा फोन आहे. ठेवते.” काही पालकांना मजा वाटायची. बऱ्याच जणांना मुळीच वाटायची नाही. एक बाबा शाळेत येऊन तावातावाने म्हणाले, “आम्ही घरी शिकवतो की अनोळखी माणसाशी बोलू नका, आणि तुम्ही?”

“अनोळखी मानसासंग जाऊ नका, हे मीबी शिकवते,” बाई म्हणाल्या. “पन बोला, हे कोन शिकवन? या जगात ओळखीचे किती लोकं हायेत तुमचे?”

पालकांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असं मी म्हणणार नाही. पेपर मीही वाचते. आणि बाईही काही दगड नव्हत्या. एका मुलीची आई दवाखान्यात होती, तर त्या सहलीत बाईंनी स्वतःचा नवाकोरा फोन दिवसभर त्या मुलीच्या दप्तरात ठेवला होता. “नियम माहा हाये, मोडनबी माह्यंच काम,” एवढंच बोलल्या. पण ‘काही झालं तर?’ या एका प्रश्नावर शंभर मुलांच्या गळ्यात फोन बांधायला त्या तयार नव्हत्या. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: “लेकरू हरपत नाई, मोठ्यायचा धीर हरपते.”

माझाही हरपला.

माझी मुलगी त्याच शाळेत होती. ती सातवीत असताना सहल रामटेकला जाणार होती. माझा नवरा हैदराबादला नोकरीला, त्यामुळे त्याची सगळी काळजी फोनवरून चालते. तो म्हणाला, “तिच्याजवळ जुना फोन ठेवून दे. बाईंना कशाला सांगायचं?” मी शाळेतली शिक्षिका. ‘मोबाईल आणू नये’ ही सूचना सातवीच्या वर्गात मी स्वतः वाचून दाखवली होती. तरी मी तो फोन तिच्या दप्तरात नॅपकिनखाली सरकवला. मुलगी म्हणाली, “आई, बाईंना कळलं तर?” मी म्हटलं, “वाजणार नाही, तू काळजी नको करू.” तो फोन कुठे आहे ते माझ्या फोनवर दिसायचं. नकाशावर एक निळा ठिपका.

मी सहलीला गेले नव्हते, दहावीचं प्रात्यक्षिक होतं. प्रयोगशाळेत एक डोळा परीक्षानळीवर आणि एक ठिपक्यावर. ठिपका कामठी ओलांडून गेला, रामटेकला पोचला, गडाच्या पायथ्याशी थांबला. माझा जीव भांड्यात पडला. एकच्या सुमाराला पुन्हा पाहिलं तर ठिपका चालायला लागला होता. चालायला कसला, पळायला. रामटेक मागे पडलं, मानसर आलं, ठिपका हायवेला लागला.

मी फोन लावला. रिंग गेली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. किती वेळा लावला ते आठवत नाही.

त्या क्षणी मी बाईंना फोन करायला हवा होता. त्यांचा नंबर मला पाठ होता. पण बाईंना विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागणार, की मी चोरून फोन दिलाय. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे ते लिहिते. माझी पोर कुणीतरी गाडीत घालून नेतंय असं वाटत असताना मी माझी अब्रू सांभाळत होते. मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, ग्रुपवर टाक. मी पालकांच्या ग्रुपवर टाकलं: ‘रामटेकच्या सहलीतली एक मुलगी गाडीतून मानसरच्या पुढे नेली जात आहे. कुणी त्या भागात असेल तर मदत करा.’ शाळेतल्या मॅडमनेच लिहिलंय म्हटल्यावर शंका कोण घेणार? पाच मिनिटांत तो मेसेज तीन ग्रुपवर फिरून माझ्याकडेच परत आला. तोवर मुली चार झाल्या होत्या आणि गाडीचा रंगही कुणीतरी लिहिला होता.

मग मी बाईंना फोन लावला. दुसऱ्या रिंगला त्यांनी उचलला.

“बोला मॅडम.”

“बाई, माझी मुलगी...”

“तुमची पोट्टी? हे काय माह्यासमोर उभी हाये. पेरू खाऊन राहिली. काहून, काय झालं?”

मागून माझ्या लेकीचा आवाज आला, “बाई, मीठ उरलं का?” प्रयोगशाळेतली पोरं माझ्याकडे पाहत होती, आणि मी मोठमोठ्याने रडत होते.

झालं होतं एवढंच. बाईंसमोर फोन वाजला तर, या भीतीने लेकीने त्याचा आवाज बंद करून तो बसच्या सीटच्या फटीत कोंबला होता. पोरं गडावर गेल्यावर ड्रायव्हरच्या लक्षात आलं, मागचा टायर बसलाय. तो पंक्चर काढायला बस घेऊन मानसरच्या पुढे हायवेवरच्या दुकानात गेला. मी ज्याच्यामागे धावत होते तो टायर होता.

संध्याकाळी बस आली तेव्हा शाळेच्या फाटकावर ही गर्दी. बाई आधी उतरल्या, शिट्टी वाजवली, पोरांना रांगेत उभं केलं आणि म्हणाल्या, “घ्या. मोजून घ्या आपआपले.” सगळे होते. तरीही एक वडील ओरडले, “पोरांजवळ फोन असते तर आमच्या जिवाला हा घोर लागला असता का?” कुणीतरी मला विचारलं, “मॅडम, तुम्हाला कुठून कळलं होतं?” आणि मी म्हटलं, “मला एकाचा फोन आला होता.” बाई तीन हातांवर होत्या. त्यांनी ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी उचलून घरी गेल्या.

चार दिवसांनी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांनी शिक्षक आणि पालकांची सभा बोलावली. टेबलावर दोन कागद होते. एक नवा नियम: सहलीला प्रत्येक विद्यार्थ्याकडे फोन असणं सक्तीचं. दुसरा बाईंच्या नावाने टाइप केलेला माफीनामा: ‘माझ्या आडमुठ्या धोरणामुळे विद्यार्थिनींची सुरक्षितता धोक्यात आली, याबद्दल मी पालकांची क्षमा मागते.’ त्याखाली सहीसाठी जागा, शेजारी पेन. सही केली तर सहल बाईंकडेच राहणार होती, नव्या नियमासह. नाही केली तर सहल गेली.

बाईंनी चष्मा लावून कागद वाचला. “याच्यातलं एक वाक्य खरं दाखवा, सही करते.”

“बाई, मॅटर क्लोज करायचं आहे ना,” सचिव म्हणाले. “दोन वर्षांत रिटायर होऊन राहिल्या तुम्ही. कायले ताणता?”

“ताणून तुम्ही राहिले. कोनती पोट्टी हरपली, तिचं नाव सांगा. मी आत्ता पायावर डोकं ठेवते तिच्या मायच्या.”

मग तेच फाटकावरचे वडील म्हणाले, “मग ती बातमी आली कुठून?”

“मले माहीत हाये कुठून आली,” बाई म्हणाल्या. “नाई सांगत. भ्याली एक बाई. भ्यालेल्या मानसाले मी पुढं ढकलत नाई.”

तोवर मी मान खाली घालून बसले होते, हे कबूल करते. माझं कंत्राट मार्चपर्यंतचं. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण ‘भ्यालेली बाई’ हे शब्द कानावर पडले आणि मला राग आला. बाईंचा नाही, माझा. माझ्या पापावर पांघरूण घालून ही बाई तिची वीस-बावीस वर्षांची सहल घालवायला निघाली होती आणि मी तिच्या दयेत बसून ऊब घेत होते.

मी उठले. बाईंसमोरचं पेन उचललं आणि माफीनाम्याचा कागद उलटा करून मागच्या बाजूला लिहिलं. लिहिलं ते मोठ्याने वाचलंही: ‘मी नियम मोडून माझ्या मुलीजवळ फोन दिला. फोन बसमध्ये होता, मुलगी बाईंजवळ सुखरूप होती. मी फोनलाच मुलगी समजले. ज्यांच्या ताब्यात मुलगी होती त्यांना मी सगळ्यात शेवटी विचारलं, आणि त्याआधी गावभर बोंब ठोकली. मला कुणाचाही फोन आला नव्हता. चूक माझी आहे, फोन नसण्याची नाही.’ खाली सही केली.

सचिवांनी कागद पाहिला, घडी केला. “मॅडम, तुमचं कंत्राट मार्चमध्ये संपते. लक्षात आहे ना?”

“लक्षात आहे,” मी म्हटलं.

“तारीख टाका मॅडम,” बाजूने बाई म्हणाल्या. “कागदाले तारीख पाह्यजे.” मी कागद परत मागून घेतला आणि तारीख टाकली.

याने सगळं पालटलं, असं कुणी समजू नये. नियम त्याच सभेत मंजूर झाला. बाईंनी माफीनाम्यावर सही केली नाही, त्यामुळे सहल त्यांच्याकडून गेली. मलाही जूनमध्ये बोलावणं आलं नाही. बाहेर पडताना बाई मला म्हणाल्या, “काहून लिवलं वं? मी तं नाव घेनार नव्हती.” मी म्हटलं, “म्हणूनच.” त्यांनी आभार मानले नाहीत. उलट म्हणाल्या, “उद्या डबा दोघींचा आन. माह्या घरचा गॅस संपला.” दुसऱ्या दिवशी मी वांग्याची भाजी नेली. तिच्यात तिखट कमी आहे म्हणून त्यांनी मला भिवापूरच्या मिरचीवर पंधरा मिनिटं भाषण दिलं.

ते भाषण तिथेच थांबलं नाही. फेब्रुवारीत बाईंनी सातवीच्या पोरांच्या घरी जाऊन सांगितलं की त्या येत्या रविवारी यष्टीने भिवापूरला भावाच्या वावरात चालल्या आहेत, मिरची तोडायला; ही शाळेची सहल नाही; ज्याला धाडायचं त्याने चिठ्ठीवर लिहून द्यावं आणि फोन घरी ठेवावा. आमच्या शाळेतल्या एका मॅडमनी मला हळूच सांगितलं, “बाईंचं डोकं फिरलं. कोण धाडेल आता?” सहा जणांनी धाडलं. सहावी चिठ्ठी माझी.

रविवारी सकाळी बसस्टँडवर मीही लेकीबरोबर बसमध्ये चढायला निघाले, तर बाईंनी मला फलाटावरच अडवलं. “तू कुठं? माय आली का सहल संपली.”

“परत कधी याल?”

“सातले इथं पोचनाऱ्या यष्टीनं.”

बस सुटली. खिडकीतून लेकीने हात केला आणि लगेच दुसरीकडे पाहायला लागली. मी घरी आले. सवयीने फोन काढला, नकाशा उघडला. ठिपका आमच्या बेडरूममधल्या कपाटात होता. मी फोन पालथा ठेवला. उमरेड आलं असेल का, वावरात विहिरीला कठडा आहे का, कुणी पाणी पाजलं असेल का, यातलं काहीच मला कळायला मार्ग नव्हता. मी कपडे धुतले. पुन्हा धुतले. इतकी वाट मी आयुष्यात कुणाची पाहिली नसेल. आणि तरीही, कुणी विचारलं तर ताठ मानेने सांगेन, पुन्हा धाडीन.

साडेसातला लेक घरी आली. बोटं मिरचीने लाल, नाक पुसून पुसून त्याहून लाल. मी भाजी फोडणीला टाकली होती. याआधी इतर कुणाबरोबर ती फिरून यायची तेव्हा मला सगळं आधीच ठाऊक असायचं, फोटो पाहिलेले असायचे, काय जेवली तेही माहीत असायचं, आणि ती ‘हो, छान होतं’ म्हणून झोपून जायची. त्या दिवशी मला काहीच ठाऊक नव्हतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “आई, तुला माहितीच नाही काय झालं!” आणि सुरू झाली. बाईंच्या भावाची म्हैस, डोळ्यात गेलेलं तिखट, मिरच्यांच्या ढिगावर पाय घसरून पडलेला मुलगा, उमरेडला बंद पडलेली बस. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. मागे भाजी करपल्याचा वास यायला लागला, तो मला आला, तिलाही आला असणार. ती बोलायची थांबली नाही आणि मी गॅस बंद करायला वळले नाही.